चला, पुढचं पान

११ डिसेंबर, गुरुवार. शाळा सुटल्यावर टॅब पुसून रिकामे करायचे होते.

आमच्या दोनशिक्षकी शाळेला एका संस्थेने दहा टॅब दिले, त्याला दीड वर्ष झालं होतं. एक पहिल्याच महिन्यात पाण्याच्या टाकीत पडला, राहिले नऊ. ते मी लोखंडी कपाटात, पोषण आहाराच्या हिशेबवह्यांच्या वरच्या कप्प्यात ठेवत असे. दर गुरुवारी कोरड्या फडक्याने पुसायचे, कारण पहिली-दुसरीची मुलं खिचडी खाऊन हात धुतात म्हणजे हात पाण्याला दाखवून आणतात. मग भिंतीवरच्या एकुलत्या बोर्डाला तीन-तीन करून चार्जिंगला लावायचे. आणि जागा संपली म्हणून लाल खूण आली, की आतले जुने आवाज पुसायचे.

आवाज पुसायचे म्हणजे काय ते सांगते. टॅबमध्ये गोष्टी होत्या. गोष्ट उघडली की आधी एक बाई ती वाचून दाखवायची आणि शब्दांखालून पिवळी रेघ सरकत जायची. मग मुलाची पाळी. मूल वाचतं, टॅब त्याचा आवाज साठवून घेतो, छापलेले शब्द त्यात सापडले की तारे देतो. तीन तारे म्हणजे पूर्ण. हे साठवलेले आवाजच जागा खातात.

एका बटणाने सगळे पुसता येतात. पण न बघता काही टाकून देणं मला जमत नाही. घरची रद्दीसुद्धा मी चाळून देते. म्हणून एका हाताने टॅब पुसायचा आणि दुसऱ्या बोटाने एकेक आवाज थोडा-थोडा ऐकून काढून टाकायचा, असा माझा क्रम होता. त्यात काय काय ऐकू येई! मागे ओरडणारी शेळी, एसटीचा हॉर्न, गोष्टीच्या मधेच ‘सरक ना बे, माह्या अंगावर काऊन बसतं?’ आणि त्यालाही एक तारा.

चौथ्या टॅबवर तिचे आवाज आले. तिचं नाव लिहीत नाही, आता ती पाचवीच्या उंचीची दिसते आणि लाजते. तेव्हा दुसरीत होती. भाजीवाल्यांची पोर, गावाच्या टोकाला घर आणि घरामागे सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी, पालक, वांग्याचे वाफे. भिंतीवर मी ताऱ्यांचा तक्ता लावला होता, पुठ्ठ्याचा, हिंगणघाटहून आणलेल्या चमकीच्या ताऱ्यांचा. त्यात ती सगळ्यात वर. दिवाळीच्या सुटीआधी पालकांच्या सभेत मी तिच्या आईला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, “तुमची मुलगी वाचायला लागली बरं का.”

आवाज सुरेख होता. ठसका नाही, अडखळणं नाही, प्रश्नाला प्रश्नाचा सूर. ऐकताना बरं वाटलं. पहिलं पान संपलं आणि पोरगी त्याच गोड सुरात म्हणाली, “चला, पुढचं पान!”

मला हसू आलं. दुसरं पान संपलं. “चला, पुढचं पान!” तिसरं. पुन्हा तेच.

मग फडकं बाजूला ठेवलं आणि गोष्ट उघडून पाहिली. ते शब्द कुठेच छापलेले नव्हते. ते टॅबमधली बाई स्वतःच्या मनाने म्हणते, मुलांनी पान सरकवावं म्हणून. आमच्याकडचं एकही मूल स्वतःहून असं बोलत नाही. ते म्हणेल, ‘चाल ना व, समोर घे.’

दुसरी गोष्ट ऐकली, पाचवी ऐकली. सगळ्यांत तेच. बाई जिथे श्वास घेते तिथे ही श्वास घेत होती.

ती बाहेर अंगणातच होती. आई वाफ्यातून येईपर्यंत ती रोज शाळेच्या अंगणात खेळत असे. तिला हाक मारली, टॅबचा आवाज पूर्ण बंद केला, न ऐकलेली एक नवी गोष्ट उघडली आणि पुढ्यात दिली. “वाच.”

ती थांबली. टॅब कानाला लावला. परत मांडीवर ठेवला.

“मॅडम, हे बोलून काऊन नाई राह्यलं?”

“आज तू आधी वाच. मग ते बोलेल.”

“ते बोलल्याशिवाय कसं वाचाचं?”

हे ती लाजून नाही म्हणाली. शेगडी न पेटवता चहा कसा होईल, असं विचारावं तसं विचारलं, आणि माझ्याकडे जराशा दयेने पाहिलं. मी एकेका अक्षरावर बोट ठेवलं. नऊ-दहा अक्षरं तिला येत होती. स्वतःचं नाव येत होतं, पण ते अखंड चित्रासारखं. त्यातलं मधलं अक्षर सुटं दाखवलं तर ओळखू आलं नाही.

मला राग आला. आधी त्या टॅबचा. तो फार टिकला नाही, कारण टॅबने त्याला सांगितलेलं काम बरोबर केलं होतं. मग स्वतःचा आला, तो टिकला. हे इतके महिने मला कसं कळलं नाही, याचं उत्तर मला माहीत होतं. नऊ टॅब मुलांच्या हाती दिले की वर्ग चाळीस मिनिटं शांत बसायचा, आणि त्या चाळीस मिनिटांत मी ऑनलाइन माहिती भरायची. आज अमुक फोटो, उद्या तमुक तक्ता, सगळं दुपारी दोनच्या आत. चाळीस मिनिटं मला मिळत होती आणि ती मला गोड लागत होती.

“मॅडम,” ती निघताना म्हणाली, “आईनं तुमाले हळदीकुंकवाले बलावलं. आज गुरुवार हाये ना.”

मार्गशीर्षातला गुरुवार. एरवी मी जात नाही. अंधारात स्कूटीने हिंगणघाटचं घर गाठायचं म्हणजे रस्त्यातले खड्डे तोंडपाठ असावे लागतात. पण तिच्या आईला सांगायचं होतं, आणि सांगायचं ते लगेच, असा माझा स्वभाव. चौथा टॅब पिशवीत टाकला, कपाटाला कुलूप लावलं आणि गेले.

अंगणात दुसऱ्या दिवशी समुद्रपूरच्या बाजारात न्यायचा पालक ओल्या पोत्याखाली झाकलेला होता. आत चौरंगावर कळस मांडलेला, पाच-सहा बाया बसलेल्या, आणि मुलीची आजी पोथी वाचत होती. वाचन म्हणजे ठसक्यात. शब्द सुटा, आवाज खणखणीत, बोट ओळीवरून सरकतंय. नात डाव्या अंगाला बसलेली. आजीने मान हलवली की ती पान उलटायची. तेवढं एकच काम, पण कलेक्टरच्या रुबाबात.

मला आजीच्या शेजारी जागा दिली. बसल्या-बसल्या माझं लक्ष पोथीकडे गेलं. शिवण सुटलेली, दोऱ्याने बांधलेली पातळशी पोथी. कहाणी अर्ध्यावरच आली होती, आणि समोर उघडं होतं शेवटचं, आरतीचं पान. आजीचं बोट आरतीवरून सरकत होतं आणि तोंडातून कहाणी चालली होती. नात पान उलटायची ते कधी पुढे, कधी मागे. कोणालाच काही फरक पडत नव्हता.

वाचन झालं. शेजारीण खोडकर होती. “काकू, चश्मा तं तिकडे कोनाड्यातच राह्यला व तुमचा.”

“राहू दे,” आजी म्हणाली. “पोथी मले चश्म्याविना दिसते.”

बाया हसल्या. आजीही हसली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आजी, सगळी पाठच आहे ना? मग पुस्तक कशाला धरता?”

आजीने माझ्याकडे तसंच पाहिलं, जसं दुपारी नातीने पाहिलं होतं.

“पुस्तक नाई धरलं तं वाचन कसं होईन, मॅडम? थे तं नुसतं सांगणं झालं. देवीपुढे वाचा लागते.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “शाळा कोणं दाखवली होती आम्हाले? माह्या सासूजवळ बसून शिकली मी. ती वाचे, मी पान उलटो.”

तेव्हा मला सगळं कळलं. पोरीने कोणाला फसवलं नव्हतं. या घरात वाचणं म्हणजे हेच. आधी कोणाकडून तरी ऐकायचं, मग पुस्तक पुढ्यात धरायचं, बोट फिरवायचं, वेळ झाली की पान उलटायचं. ती टॅबवर नेमकं तेच करत होती, आणि उत्तम करत होती.

तिच्या आईला बाजूला बोलवावं म्हणून मी उठणार, तोच आजी म्हणाली, “पुढच्या गुरुवारी उद्यापन हाये. औंदा पोथी माही नात वाचन. तुम्हीच तं सांगतलं ना, पोरगी वाचाले लागली म्हणून? गल्लीतल्या साऱ्या बायाईले सांगून ठेवलं.”

आणि मुलीने, कोणी म्हटलं नसताना, कहाणीची पहिली चार वाक्यं म्हणून दाखवली. पोथी हातात धरून. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आजीने तिच्या कपाळावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. बाया म्हणाल्या, “अवं माय, किती सुंदर वाचते!” तिची आई भिंतीला टेकून उभी होती. ती पोथीकडे बघत होती.

मी खाली बसले. समोर शिऱ्याची वाटी आली, ती खाल्ली. पाच बायांसमोर, कपाळाला ताजं हळदीकुंकू लावून, त्या पोरीला ‘तुला वाचता येत नाही’ म्हणायला माझी जीभ उचलली नाही. भित्रेपणा होता की शहाणपण, ते अजून ठरवलेलं नाही.

घरी भाकरी थापताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “एवढं काय त्यात? गुरुवारी म्हणू दे पाठ. तू दोन महिन्यात शिकवून टाक. कोणाला कळणार आहे?”

“कोणालाच नाही,” मी म्हटलं. “तिलाही नाही.”

अडचण तीच होती. उद्यापनाच्या दिवशी ती अडखळली असती तर एक वेळ बरं होतं. पण ती अडखळणार नव्हती. सगळी गल्ली ऐकणार, वाहवा करणार, आणि ही पोर वाचते हे गावात कायमचं ठरून जाणार. मग तिला अक्षरांपाशी बसवायला कोण तयार होईल? आधी तीच होणार नाही. वाचता येणाऱ्या माणसाला वाचायला शिकवणं फार कठीण. तिची आजी साठ वर्षं वाचत होती.

आणि या सगळ्याच्या मुळाशी माझं एक वाक्य होतं, सभेत माईक नसताना मोठ्याने म्हटलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊऐवजी साडेसहाला निघाले. पिशवीत चौथ्या नंबरचा टॅब, मार्कर, कात्री आणि मागच्या वर्षाच्या कॅलेंडरची दोन पानं. थंडी होती. वाफ्यात मायलेकी सांभार उपटत होत्या. आई उपटून ढीग लावायची, मुलगी सुतळीने जुड्या बांधायची.

“इतक्या सकाळी? काय झालं जी, मॅडम?” आई उभी राहिली. हात मातीने भरलेले.

“माझं चुकलं, ते सांगायला आले. दिवाळीआधी मी म्हटलं होतं, ही वाचते. ही वाचत नाही. ऐकून पाठ करते आणि म्हणते. मी नीट पाहिलं नव्हतं.”

मुलगी जुडी बांधता-बांधता थांबली. आईने हातातल्या सांभाराची माती झटकली.

“मले वाटलंच होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“दिवाळीत माहेरी गेलतो आम्ही. स्टॅंडवर बस लागली, तं मी हिले म्हणलं, पाटीवर कोणतं गाव लिहिलं, वाच. तं मले म्हणे, बस बोलत नाई.” ती जराशी हसली. मग हसणं थांबलं. “पण तुम्ही सगळ्यांपुढे म्हणलं होतं, वाचते म्हणून. मी चवथी शिकली. मी म्हणलं, माह्यंच चुकलं असन. वाचाची नवीन पद्धत असन.”

तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं माझ्या एका वाक्यासाठी खोटं ठरवलं होतं. मी पोत्यावर बसले आणि टॅब काढला.

“इकडे ये,” मुलीला म्हटलं. “आज टॅब ऐकेल, तू बोल. जुडी कशी बांधायची सांग.”

“हे तं सोपं हाये.”

“मला येत नाही.”

तिने सांगितलं. गोष्ट उघडलीच नाही. नुसता आवाज साठवला. मग तिला ऐकवला. स्वतःचा आवाज ऐकून ती आधी तोंड दाबून हसली, मग म्हणाली, “माहा असा हाये?” आईला ऐकवा म्हणाली, तिलाही ऐकवला. मी थांबवत-थांबवत तो ऐकला आणि कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत उतरवून घेतला, तिने म्हटला तस्साच, वेढ्यांचे ‘येढे’ ठेवून.

सांभार उपटाचा.
मुळं एका बाजूले कराची.
दोन येढे देऊन बांधाचा.

तिने बोट ठेवलं आणि धडाधड म्हटलं. तोंड तिसऱ्या ओळीच्या शेवटी पोचलं तेव्हा बोट दुसऱ्याच ओळीवर होतं. मी कॅलेंडरचं पान ओढून घेतलं. कात्री घेतली, शब्द सुटे केले आणि टोपलीच्या झाकणावर उलटसुलट करून पसरले.

तिने टॅबकडे पाहिलं. मी टॅब पिशवीत घातला.

“ते नाही बोलणार आता. यातला सांभार कोणता?”

आई वाकून बघत होती. तिला राहवेना. “अवं, तो पाहा ना, तो...”

“तुम्ही नका सांगू.”

“बरं बाप्पा! नाई सांगत.” ती दोन पावलं मागे सरकली, पण मान तिथेच ठेवून.

मुलीने एकेक चिठ्ठी उचलली, पाहिली, ठेवली. ओठ हलत होते. स तिला येत होता. तो दोन ठिकाणी शोधला, एक चिठ्ठी उलटी होती ती फिरवली आणि माझ्या मांडीवर ठेवली. “हा सांभार. म्हणजे हाच असन.” मग तिने र शोधला, तो खरंच शेवटी होता, आणि “हाच हाये” म्हणाली. ‘दोन’ला त्याहून जास्त वेळ लागला. ‘येढे’ काही सापडला नाही. तोवर पावणेआठ झाले होते आणि सांभार तसाच पडला होता, म्हणून तिघींनी मिळून उरलेल्या जुड्या बांधल्या. माझ्या दोन सुटल्या.

“अन् उद्यापनाचं काय?” आईने विचारलं. “बायाईले काय सांगू?”

“मॅडमचं चुकलं म्हणून सांगा. खरंच आहे ते. पोथी आजी वाचतील, दरवर्षीसारखी. आजींना मी सांगू का?”

“नोका. सासूबाईचं मी पाहून घेईन. नातीचं नाव कमी केलं म्हणून दोन दिवस माह्यावर गरजन. पण पोथी आपल्याच हाती राह्यली म्हणून मनात खुश होईन थे.”

मुलगी खाली मान घालून शब्दांच्या चिठ्ठ्या गोळा करत होती. मला वाटलं रडते की काय. पण ती विचारात होती.

“मंग मी पान उलटू ना?”

“उलट. पण नीट उलट. पानांवर आकडे आहेत, ते तुला येतात. एकानंतर दोन, दोननंतर तीन. आजीसमोर क्रमानं पान आलं पाहिजे.”

“आजीचं पान तं कवाच बरोबर नसते,” ती म्हणाली.

आई इतकी जोरात हसली की शेजारच्या वाफ्यातून कोणीतरी ‘काय झालं व?’ म्हणून हाक दिली. तिने चिठ्ठ्यांचा गठ्ठा मुलीच्या हातून घेतला, त्याला सुतळीचे दोन येढे दिले आणि गाठ मारून परत दिला. “घे. शाळेत ने. ‘येढे’ सापडला की मले दाखवजो.”

मी मुलीला स्कूटीवर मागे बसवलं. शाळेत अजून कोणी आलं नव्हतं. कुलूप काढलं, भिंतीवरचा ताऱ्यांचा तक्ता उतरवून कपाटामागे उभा केला. मग नऊही टॅबचे आवाज बंद केले, हजेरीपट बाजूला सारला, आणि फाटकातून जे पहिलं मूल आत आलं त्याच्यापुढे टॅबवरची गोष्ट धरून म्हटलं, “दप्तर ठेव, इकडे ये. काय लिहिलंय ते मला वाचून दाखव.”